जाळलं तेवढं खा

अण्णानं माझं मनगट धरलं, दिव्याच्या उजेडाकडे वळवलं आणि पट्ट्यावरचा आकडा वाचला.

“नऊशे वीस,” तो म्हणाला. “तीन केळी, दोन मूठ शेंगदाणं, गुळाचा खडा. बस खाली.”

मी कारखान्याबाहेरच्या चहाच्या गाड्याजवळ बाकड्यावर बसलो आणि खायला लागलो. सात ते सात अशी बारा तासांची पाळी नुकतीच संपली होती. कानात अजून मागांचा खडखडाट होता आणि पोटात अशी आग की बाकड्याचं लाकूड दिलं असतं तरी चावलं असतं. अण्णा शेजारी बसून बघत होता. चहावाल्यानं त्याच्यापुढं ग्लास धरला, तो त्यानं हातानंच परत सारला. त्याला दिवसभरात दोन भांडी पाणी, त्याच्या वर घोटभरही चालत नव्हतं. माझा शेवटचा दाणा पोटात जाईपर्यंत तो हलत नसे. मग पिशवी झटकायचा, सालं डब्यात टाकायचा आणि आम्ही घरी जायचो. घरी वहिनीनं वाढलेलं मोजकं जेवण मी पुन्हा जेवायचो, गुमान, जणू सकाळपासून पोटात काही गेलंच नाही.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. इचलकरंजीत आमचा जन्म गेला तो मागांच्या आवाजात. मी पोपट बुगड, तेव्हा चौतीस वर्षांचा, सहा मागांवर विणकर. नाव पोपटाचं आणि अंग शहाण्णव किलोचं, त्यामुळे थट्टेला तोटा नव्हता. फांदी मोडेल म्हणून पोपट झाडावर बसत नाही, असं गल्लीतली पोरं माझ्या तोंडावर म्हणायची आणि मीही हसायचो. बाळासोअण्णा माझा थोरला भाऊ, तेरा वर्षांनी मोठा. तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. पंचवीस माग एकदम चालू असताना त्यातला कुठला आजारी आहे ते तो दारात चपला काढताना सांगायचा. कापडात किती धागे बसतील, सूत गुंडाळलेल्या एका बीमात किती मीटर निघतील, हे सारं तोंडी. दिवाणजी कागद-पेन काढेपर्यंत अण्णाचं उत्तर तयार असे, आणि ते कधी चुकल्याचं मी ऐकलं नाही.

त्या अण्णाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आधी साखर, मग पायाला सूज, मग आठवड्यातून तीनदा कोल्हापूर. चार तास मशीनला जोडून रक्त धुऊन घ्यायचं आणि एसटीनं परत यायचं. उरलेल्या दिवशी तो कारखान्यात स्टुलावर बसून माग ऐकायचा आणि पोरांना दुरुस्ती सांगायचा. वडील, म्हणजे आमचे दादा, ह्याच दुखण्यानं गेले होते. त्या काळात मशीन वगैरे काही नव्हतं, ते सुजत गेले आणि एक दिवस संपले.

किडनी बदलायची ठरली तेव्हा मालनवहिनीनं सगळ्यात आधी स्वतःचा हात पुढं केला. तिचा रक्तगट जुळला नाही. अण्णाला मूलबाळ नव्हतं. राहिलो मी. मी नऊ वर्षांचा असताना वहिनी ह्या घरात आली, वर्षभरात आई गेली, आणि पुढं माझ्या डोक्याला तेल, पाठीला धपाटा आणि तोंडात घास, हे सगळं तिच्याच हातचं. सुरुवातीला ती मला रीतीनं भावजी म्हणायची. पण नाक पुसून द्यावं लागणाऱ्या पोराला भावजी कोण म्हणणार, म्हणून मी लवकरच पोपट झालो. तेव्हा किडनी द्यायची की नाही असा प्रश्न माझ्या मनात उगवलाच नाही. दोन आहेत, एक दिली.

माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना समोर बसवलं आणि म्हणाले, जुळतंय छान, पण वजन फार आहे. साखरही काठावर आहे, वजन उतरलं की तीही उतरेल. तीन महिन्यांत नऊ किलो कमी करा, मग तारीख देतो. तोवर अण्णाला मशीनवर ढकलत न्यायचं. त्याचं काळीजही थकायला लागलं होतं, म्हणून फार वेळ नव्हता, हे त्यांनी आडून सांगितलं आणि आम्हाला सरळ कळलं.

आहाराच्या बाईंनी मला एक छापील कागद दिला. सगळा इंग्रजी. मी सातवीपर्यंत शिकलेला, अण्णा आयटीआय झालेला, त्यामुळे कागद त्यानं घेतला आणि एसटीत मला वाचून दाखवला. दिवसाला दोन हजार कॅलरी. सकाळी हे, दुपारी ते, संध्याकाळी दीड भाकरी, तेल चमच्यानं. घरी आल्यावर त्यानं तेच वहिनीला सांगितलं. वहिनीनं दुसऱ्या दिवशी वाण्याकडून छोटा काटा आणला आणि पीठ तोलून घ्यायला लागली. आख्ख्या गल्लीत पिठाला काटा लावणारं आमचं एकच घर असेल.

आठवड्याभरात अण्णानं कोल्हापुराहून तो पट्टा आणला. दिवसभरात किती चाललो आणि त्यात किती कॅलरी जळल्या, ते दाखवणारा. सहा मागांच्या मधून विणकर दिवसभर येरझाऱ्या घालत असतो. इथं धागा तुटला, तिथं धोट्यातली आडव्या सुताची कांडी संपली. पहिल्या दिवशी पट्ट्यानं सतरा-अठरा किलोमीटर दाखवले तेव्हा माझी छाती फुगली. म्हटलं, चला, एवढं जळतंय म्हणजे तीन महिने कशाला, दीडच पुरे.

“तसं न्हाई,” अण्णा म्हणाला. “जाळलं तेवढं परत खायाचं.”

मला ते उलटंच वाटलं. खाऊन वजन कसं उतरेल? त्यानं समजावून सांगितलं, आणि अण्णा समजावायला लागला की समोरच्याला आपणच मठ्ठ आहोत असं वाटायचं. म्हणाला, दोन हजारांतच तू बारा तास राबलास तर अंग मांस खाईल, चरबी तशीच राहील. ताकद जाईल, रक्त उतरेल, आणि असल्या माणसाची किडनी डॉक्टर घेतच नाहीत. म्हणून कामात जेवढं गेलं तेवढं वरून भरायचं. वजन दोन हजारांच्या जेवणानं उतरेल, हे खाणं फक्त भरपाई. मी मान डोलावली. खायला मिळत होतं, हेही खरंच. भुकेल्या माणसाला असली गणितं लगेच पटतात.

“मालनला ह्यातलं काय बोलू नगं,” तो पुढं म्हणाला. “तिला वाटंल आपण चोरून खालालोय. तिला ह्यो हिशेब कळायचा न्हाई. काटा खाली आला की मग सांगू.”

काटा खाली येईना. दर रविवारी मी वाण्याच्या मोठ्या तराजूवर, पोती मोजतात त्याच्यावर उभा राहायचो. पहिल्या महिन्यात सहाशे ग्रॅम उतरलं आणि पुढच्या पंधरवड्यात तीनशे चढलं. अण्णाला विचारलं तर म्हणायचा, आधी आतली चरबी वितळते, ती काट्याला दिसत नाही. मधे दोनदा आहाराच्या बाईंना भेटून वजन सांगायचं होतं. मी पाळी सोडून यायला तयार होतो, पण अण्णा म्हणाला, मी तिथं जातोच की, मीच सांगून येतो, तुझा एक दिवस कशाला मोडायचा. मला ते पटलं. तो त्या दवाखान्यात घरच्यासारखा वावरत होता.

आमच्या कारखान्यात कांड्या भरायला एक म्हातारी यायची. तिचं घर आमच्याच गल्लीत. तिनं मला रोज गाड्यावर केळी सोलताना बघितलं आणि मोठ्या मायेनं जाऊन वहिनीला सांगितलं. गाव माझ्या पोटाकडे डोळे लावूनच बसलं होतं. सख्खा भाऊ मरणाच्या दारात आणि हा बाबा गुळाचे खडे चघळतोय, असं दुसऱ्या दिवसापासून कानावर यायला लागलं. पूर्वी पोरं पोपटाच्या वजनावर हसायची, आता हसायची बंद झाली. ते बंद होणं मला जास्त लागलं.

संध्याकाळी आम्ही दोघं भाऊ ताटावर बसलो होतो. वहिनीनं माझ्या ताटात दीड भाकरी ठेवली, अर्धी मोजून तोडलेली, आणि तवा खाली उतरवून समोर येऊन बसली.

“पोपट, गाड्यावर खातूस?”

मी अण्णाकडे बघितलं. तो भाजीतला बटाटा बाजूला काढत होता. बटाटा त्याला वर्ज्य होता, आणि त्या दिवशी तो एक तुकडा बाजूला करायला त्याला फार वेळ लागला.

“मी काय विचारालोय?” वहिनी म्हणाली.

“खातो,” मी म्हणालो.

“का?”

मी पुन्हा अण्णाकडे बघितलं. तो आता बोलेल, हिशेब सांगेल, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. त्यानं मान वर केली नाही. मी म्हणालो, भूक आवरत नाही. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते तिनं पुसलंही नाही. जेवण झाल्यावर मी अण्णाला ओसरीवर गाठलं आणि विचारलं, तू का बोलला नाहीस? म्हणाला, आता सांगितलं असतं तर तिनं तुझं खाणं बंद केलं असतं आणि सगळ्याचा सत्यानाश झाला असता. थोडं सोस. मी सोसलं. त्याच्यासाठी पोट चिरून घ्यायला निघालो होतो, तिथं चार बोल म्हणजे काय मोठं.

तीन महिने संपले. अण्णाच्या मशीनच्या दिवशीच आम्ही बरोबर गेलो. तो खाली मशीनला लागला, मी वर आहाराच्या बाईंकडे. काट्यावर चढलो. पंच्याण्णव किलो चारशे.

बाईंनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला उतरून पुन्हा चढायला लावलं. पंच्याण्णव चारशे.

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची दिली आणि काय काय खाता ते विचारलं. मी वहिनीच्या पिठाच्या काट्यापासून सगळं सांगितलं. ते बरोबर होतं. मग मी अभिमानानंच पट्टा दाखवला आणि सांगितलं, कामात जेवढं जळतं तेवढं रोज परत खातो, एक दिवस चुकवला नाही.

“रोज? किती?”

“नऊशे. कधी हजार.”

बाईंनी माझ्याकडचा तो इंग्रजी कागद मागून घेतला आणि पेनानं एका ओळीखाली रेघ ओढली.

“हे बघा, इथं लिहिलंय. तुम्ही बारा तास चालून काम करता हे मला माहीत होतं, म्हणून तुम्हाला दोन हजार दिले. बसून काम करणाऱ्याला मी पंधराशे दिले असते. तुमचं मागावरचं चालणं ह्या दोन हजारांत आधीच धरलंय. कामातलं वेगळं मोजून खाऊ नये, असंही खाली लिहिलंय. तुम्ही तेच दुसऱ्यांदा खाल्लंत. वजन उतरणार कसं?”

मी म्हणालो, मला इंग्रजी येत नाही, भावानं वाचून दाखवलं, त्याच्याकडून ही ओळ राहिली असेल. बाई म्हणाल्या, होतं असं, आजारी माणूस आहे, चुकलं असेल. आणि मलाही क्षणभर तसंच वाटलं. बिचारा अण्णा, आयुष्यात पहिल्यांदा चुकला आणि तोही स्वतःच्या जिवाच्या हिशेबात. त्याला हे कसं सांगायचं ह्याच काळजीत मी उठलो.

बाई फाइलमध्ये आजचा आकडा लिहायला गेल्या आणि थांबल्या.

“पण मग हे काय? पहिल्या महिन्याला त्र्याण्णव लिहिलंय. दुसऱ्याला नव्वद.”

“कुणी सांगितलं?”

“तुमच्या भावानंच. मी म्हटलं होतं, एकदा त्यांना घेऊन या. तर म्हणाले, कशाला, छान उतरतंय. फार कौतुक करत होते तुमचं.”

मी बसलो. उठलो होतो, तो परत खुर्चीत बसलो. वाण्याच्या तराजूवरचा आकडा दर रविवारी मी अण्णालाच सांगत होतो. पंच्याण्णव आठशे, पंच्याण्णव चार, पंच्याण्णव सात. नव्वद हा आकडा आमच्या घरात कधी उच्चारलाच गेला नव्हता. ओळ वाचायची राहते. नव्वद आपोआप होत नाही. ज्या माणसाला एवढ्या मोठ्या कापडात चुकलेला एक धागा दिसायचा, त्यानं तीन महिने रोज माझं मनगट हातात धरून, आकडा वाचून, मला खायला घातलं होतं. खाल्लं की नाही हे शेवटच्या दाण्यापर्यंत बघत बसला होता. मला थंडी वाजायला लागली. एप्रिल महिना होता.

खाली मोठ्या खोलीत आठ पलंग होते. तिसऱ्यावर अण्णा. नळीतून त्याचं रक्त मशीनकडे जात होतं आणि दुसऱ्या नळीतून परत येत होतं. मी दारातून आत येताना त्यानं माझं तोंड बघितलं.

“कळलं व्हय,” तो म्हणाला.

“नव्वद कधी भरलं माझं?”

“हळू बोल. बाकीची झोपल्यात.”

“ती वळ तू वाचली हुतीस?”

“पहिल्याच दिवशी. एसटीत.”

ज्याच्यावर हात उचलावा तो चार तास हलू शकत नव्हता. मी नुसता उभा राहिलो. तोच बोलायला लागला, कारखान्यात पोरांना दुरुस्ती सांगायचा त्या आवाजात.

“दादास्नी साखर हुती. मला झाली. तुझी काठावर हाय, डाक्टर आपल्या दोघांसमोर बोलला. उद्या तुझं बी असंच झालं, आणि तुझ्यापाशी एकच असली, तर तुला कोण देणार? मी?”

“वजन उतरलं की साखर उतरंल म्हणालेत.”

“दादांची उतरली न्हवती. हाडं वर आलती, तरी न्हवती उतरली. चालू मागाचा पार्ट काढून बंद पडलेल्याला लावायचा न्हाई. काय शिकिवलंय तुला?”

“शेठनं सांगितलं की काढतूस की.”

तो हसला. खरंच हसला, नळ्या हलल्या.

“त्यो शेठचा माग असतोय. ह्यो माझा हाय.”

मी खाली बसलो, पलंगाच्या लोखंडी पायाला टेकून. मला रडायचं नव्हतं. मी म्हणालो, मग सरळ नाही म्हणायचं होतंस. तीन महिने हे नाटक कशाला? त्यावर तो बोलला तेव्हा त्याचा आवाज जॉबरचा राहिला नव्हता.

“न्हाई म्हणालो असतो तर मालन पाया पडली असती. तू पडला असतास. आणि मला काय जगायचं न्हाई व्हय, पोपट? दोन दिसांत हो म्हणालो असतो. मला माझा भरवसा न्हवता. म्हणून म्हटलं, तुझं वजनच न उतरल्यालं बरं.”

“आणि गावाच्या शिव्या मी खायाच्या. वैनीच्या बी.”

“तू तरणा हायस,” अण्णा म्हणाला. “मी गेल्यावर तिला कुणावर तरी चिडायला लागंलच. माझ्यावर चिडून तिनं जगू नये.”

मी उठलो आणि त्याला सांगितलं, घरात पाय टाकला की पहिलं हेच वहिनीला सांगणार. एक शब्द मागं ठेवणार नाही. त्यानं डोळे मिटले.

“सांग,” तो म्हणाला. “तुझं खरं हाय.”

परतीच्या एसटीत आम्ही एका बाकावर बसलो. निघण्याआधी मी डॉक्टरांना भेटलो होतो, त्यांनी आणखी दोन महिने दिले होते. मी मनात वाक्यं जुळवत होतो. वहिनी, ह्यानं मला मुद्दाम खायला घातलं. वहिनी, ह्यानं वजनं खोटी सांगितली. वहिनी, माझा दोष नाही. शेवटचं वाक्य मला फार आवडत होतं, ते मी पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं.

वहिनी दारातच उभी होती. तिनं अण्णाच्या हातातली पिशवी घेतली आणि मला विचारलं, किती भरलं?

“पंच्याण्णव.”

अण्णा कॉटवर बसून चपला काढत होता. एक काढली, दुसरी काढायची राहिली, तसाच माझ्याकडे बघत राहिला. वहिनी माझ्याकडे बघत होती. तेव्हा, तोंड उघडल्यावर, मला पहिल्यांदा कळलं की मी नक्की काय सांगणार आहे. तुझा नवरा आजारानं चाललेला नाही, तुला सोडून जायचं त्यानं ठरवलंय, आणि तुझ्या डोळ्यादेखत रोज थोडं थोडं करून ठरवलंय. हे तिला सांगायचं, आणि वर माझा दोष नाही म्हणून मोकळं व्हायचं.

“जीभ आवरली न्हाई, वैनी,” मी म्हणालो. “माझंच चुकलं.”

वहिनी आत गेली. भांड्यांचा आवाज झाला आणि ती ताट घेऊन बाहेर आली. पाच भाकरी, वर तेलाची धार, वाटीभर भाजी, शेंगदाण्याची चटणी. ते ताट तिनं माझ्यापुढं जमिनीवर ठेवलं.

“जेवा भावजी,” ती म्हणाली. “पोटभर जेवा. माणसाचं काय, येतंय नि जातंय.”

पंचवीस वर्षांनी तिनं मला भावजी म्हटलं. त्या ताटाला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी मांडी घातली आणि अण्णाच्या समोर बसून पाचही भाकरी संपवल्या. तो कॉटवरून बघत होता, गाड्यावर बघायचा तसाच, पण ह्या वेळी त्याला शेवटपर्यंत बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पट्टा काढून फेकला. कागदावरचे दोन हजार, त्याच्या वर दाणा नाही. अण्णा गाड्याजवळ उभा राहायचा आणि मी त्याच्यासमोरून न थांबता निघून जायचो. सातव्या आठवड्याला अठ्ठ्याऐंशी किलो झालो. नवव्याला सत्त्याऐंशी, म्हणजे हवं होतं तेवढं. शुक्रवारी कोल्हापूरला जाऊन डॉक्टरांपुढं उभं राहायचं ठरलं. अण्णाला सांगितलं, आता तू नाही म्हणून दाखव. त्यानं माझ्या दंडावरून हात फिरवला. मंगळवारी सकाळी अंघोळीला पाणी काढताना त्याचं काळीज थांबलं. मोरीतून उचलून मीच त्याला बाहेर आणलं. त्याच्या अंगात काही राहिलं नव्हतं, एका हातानं उचलला असता.

पुढं माझं लग्न झालं, दोन पोरं झाली. अण्णाला वाटलं होतं तसंच झालं, चाळिशीत मलाही साखर निघाली. गोळ्या चालू आहेत, किडन्या दोन्ही ठणठणीत आहेत असं दर सहा महिन्यांनी डॉक्टर सांगतात आणि मी मान खाली घालून ऐकतो. त्या एप्रिलनंतर माझं वजन परत कधी चढलं नाही. आता अडुसष्ट आहे. वहिनी आमच्यातच असते. माझ्या पोरांना तिनं माझ्यासारखंच वाढवलं, तेल, धपाटा आणि घास. तिला मी काही सांगितलेलं नाही.

परवा जेवताना माझी बायको सारिका तिला म्हणाली, आक्का, तुम्ही तरी सांगा ह्यांना, किती वाळलेत बघा, अर्धी भाकरी जास्त घ्या म्हणलं तर ऐकत नाहीत. वहिनी धाकट्याच्या ताटात भाकरी कुस्करत होती. आताशा तिच्या बोलण्यात राग नसतो. भाजीत मीठ कमी पडलंय, हे सांगावं तसं ती बोलते.

“आता वाळून काय उपेग?” ती म्हणाली. “तवा वाळलं असतं तर ह्ये असते आज ताटावर.”

सारिकानं घाबरून माझ्याकडे बघितलं.

“व्हय वैनी,” मी म्हणालो, आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.